निरोप शेताच्या बांधापर्यंत पोहोचला पाहिजे



या सदरात आम्ही नेहमी लागण, बेणेबदल, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळी विषय जरा निराळा आहे. कारखान्यातल्या एका माणसाने दुसऱ्या माणसाला निरोप कसा द्यावा, हा तो विषय. वाचून कोणी म्हणेल, "हा तर ऑफिसातला मामला. आम्हा ऊसवाल्यांना त्याचं काय?" म्हणून आधी एक घडलेली हकीकत सांगतो आणि मग धड्याकडे वळतो.

एका रात्रीची हकीकत

मागे एका हंगामात, फेब्रुवारी संपत आला असताना, रात्री अडीचच्या सुमारास बॉयलरची ट्यूब लीक झाली. बॉयलर थंड झाल्याशिवाय आत माणूस जाऊ शकत नाही. मग ट्यूब बदलायची, पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यायची आणि पुन्हा हळूहळू वाफ धरायची. हे काम दीड दिवसाचे आहे, हे इंजिनिअरिंग खात्याला तीन वाजताच कळले होते. त्यांनी केनयार्डात कळवले, "गाळप थांबलंय." केनयार्डाच्या कारकुनाने काटा थांबवला. चारला पाळी बदलली. जाणाऱ्याला वाटले, येणाऱ्याला सगळे ठाऊक आहे. येणाऱ्याला वाटले, शेतकी खात्याला सविस्तर कळवून झाले आहे. साडेचारला आम्हाला फोन आला, "साहेब, मिल थांबलीय." किती वेळ थांबणार, हे आम्ही विचारले नाही. तास-दोन तासांच्या थांबण्या हंगामात होतातच, असे समजून आम्ही पुन्हा आडवे झालो. ही चूक आमची. ती इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

तोडणीच्या टोळ्या दिवस उगवायच्या आत फडात उतरतात. त्याही दिवशी उतरल्या. नऊ वाजेपर्यंत गटागटांतून ऊस आडवा झाला, मोळ्या बांधून झाल्या, काही ट्रॉल्या भरूनही झाल्या. आमच्या एका गटातला चिटबॉय नऊच्या सुमारास चौकात आला, तेव्हा चहाच्या टपरीवरचा माणूस त्याला म्हणाला, "आरं, कारखाना दोन दिस बंद हाय म्हनं. तुला ठावं न्हाई?" कारखान्याच्या नोकराला कारखान्याची बातमी टपरीवर कळली.

त्या गटातल्या एका सभासदाचा एकराचा फड सकाळी पडला होता. ऊस तिसऱ्या दिवशी काट्यावर आला. त्यांनी चिटबॉयला चारचौघांत सुनावले, "तोडणीची चिठ्ठी तू दिलीस आणि कारखाना बंद हाय हे तुलाच म्हाईत न्हाई? मग तू कारखान्याचा मानूस कसला?" चिटबॉय खाली मान घालून उभा राहिला. त्याच्याजवळ उत्तर नव्हते, कारण त्याला खरोखरच काही माहीत नव्हते.

पुढच्या गटसभेत त्या चिटबॉयची बदली करा, अशी मागणी झाली. बदली करून मोकळे होणे सोपे होते. पण निरोप त्याच्यापाशी अडलेला नव्हता, आमच्यापाशी अडलेला होता. तसे उभे राहून सांगावे लागले. सांगताना जीभ जड झाली, पण सांगितल्यावर सभेचा सूर बदलला. "मग पुढं असं होऊ नये म्हणून काय करनार, ते सांगा," असे त्याच सभासदांनी विचारले. आजचा हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

आडवा ऊस काय गमावतो?

तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, असे आपण नेहमी सांगतो. त्याचे कारण पुन्हा थोडक्यात पाहू. तोडल्यावर उसाला मुळांकडून पाणी मिळत नाही, पण कांड्यातून पाणी उडत राहते. वजन घटते. त्याच वेळी कांड्यातला इन्व्हर्टेज नावाचा पाचकरस साखरेचे तुकडे करू लागतो. साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. त्याचा दाणा बनत नाही, ते मळीत जाते. कापलेल्या तोंडातून जंतू आत शिरतात आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. त्यामुळे रस गाळायला आणि साखरेचा दाणा धरायला अडचण येते. ऊन जितके कडक तितकी ही हानी वेगाने होते. म्हणून डिसेंबरातला एक दिवस आणि मार्चमधला एक दिवस सारखे नव्हेत.

आता हिशोब करू. समजा निरोप न मिळाल्यामुळे एका सकाळी सर्व गटांत मिळून ६०० टन ऊस विनाकारण आडवा झाला. दिवसाला शेकडा एक इतकीच घट धरली तरी एका दिवसात ६ टन ऊस हवेत उडाला. हे नुकसान ज्याचा फड पडला त्याचे.

दुसरे नुकसान सगळ्यांचे. शिळ्या उसाने कारखान्याचा सरासरी साखर उतारा खाली येतो. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे वाढ दिली. टनाला ते ३४ रुपये ६० पैसे झाले. पाच लाख टन गाळणाऱ्या आणि १०.२५ च्या वर उतारा असणाऱ्या कारखान्याचा उतारा हंगामात ०.१ टक्क्याने घसरला, तर ५,००० क्विंटल साखर कमी पडते आणि सभासदांच्या दरात १ कोटी ७३ लाख रुपयांचा फरक पडतो. उतारा घसरण्याची कारणे अनेक असतात: जात, वय, पाणी, पाचट, मुळ्या, माती. पण शिळा ऊस हे त्यातले असे कारण आहे, की ज्याला पुष्कळदा एका फोनने आळा बसतो. म्हणून कर्मचाऱ्याला वेळेवर मिळालेला निरोप हा खताच्या पोत्याइतकाच सभासदाच्या हिताचा आहे.

निरोप अडतो कुठे?

त्या घटनेनंतर आम्ही शेतकी खाते, केनयार्ड, काटा आणि इंजिनिअरिंग खात्यातल्या मंडळींना एकत्र बसवले. कोणाची चूक, हे विचारायचे नाही, निरोप कुठून कुठे गेला तेवढेच सांगायचे, असे ठरवले. तेव्हा चार जागा सापडल्या.

पहिली जागा पाळीबदलाची. तोंडी निरोप पाळीबरोबर घरी जातो. लिहिलेला निरोप टेबलावर राहतो.

दुसरी जागा खात्याच्या कुंपणाची. इंजिनिअरिंगला दुरुस्ती दिसते, लॅबला उतारा दिसतो, काट्याला वजन दिसते. आपल्या कामाचा दुसऱ्याच्या कामावर काय परिणाम होईल, हे ज्याच्या त्याच्या लक्षात येतेच असे नाही. "ट्यूब लीक" या दोन शब्दांचा अर्थ "उद्या दुपारपर्यंत तोडणी नको" असा होतो, हे इंजिनिअर सांगत नाही आणि चिटबॉय ओळखू शकत नाही.

तिसरी जागा साहेबाच्या संकोचाची. वाईट बातमी नक्की झाल्यावर सांगू, उगाच घबराट नको, असे वरच्याला वाटते. तोपर्यंत तीच बातमी टपरीवर पोहोचते, आणि तीही हातभर वाढून.

चौथी जागा खालच्याच्या भीतीची. न समजलेला निरोप पुन्हा विचारला तर साहेब रागावतील, म्हणून माणूस "हो, हो" म्हणतो आणि निघून जातो. हे चारही अडथळे आमच्याकडे होते. पुष्कळ ठिकाणी असतात.

पोच घेतल्याशिवाय निरोप पुरा होत नाही

रेल्वेचे उदाहरण घ्या. दोन स्टेशनांमध्ये गाडी सोडताना स्टेशनमास्तर पुढच्या स्टेशनला नुसते "गाडी सोडतो" असे सांगून थांबत नाहीत. दोघांत खासगी क्रमांकाची देवाणघेवाण होते आणि तो क्रमांक रजिस्टरात लिहिला जातो. पलीकडच्याने ऐकले, त्याला समजले आणि त्याची जबाबदारी सुरू झाली, याचा तो पुरावा.

आपल्याकडे उसाच्या गाड्या आहेत, रेल्वेच्या नाहीत. पण तत्त्व तेच. निरोप दिला म्हणजे काम झाले असे नाही. पलीकडच्याने तो आपल्या शब्दांत परत सांगितला म्हणजे काम झाले. म्हणून आम्ही साधी पद्धत घातली. गट ऑफिसला फोन केल्यावर घेणाऱ्याने निरोप उलट म्हणून दाखवायचा, वेळ आणि नाव वहीत लिहायचे. गट ऑफिसने प्रत्येक चिटबॉयकडून आणि चिटबॉयने प्रत्येक मुकादमाकडून तशीच पोच घ्यायची. सुरुवातीला मंडळी हसली. "शाळेतल्या पोरावानी म्हनून दाखवायचं व्हय?" असे एक जुना चिटबॉय म्हणाला. पण पहिल्याच आठवड्यात "सातनंतर तोडा" हा निरोप एका ठिकाणी "सातपर्यंत तोडा" असा उलट आला, आणि हसणे थांबले.

चार ओळींचा निरोप

निरोप लांबलचक नको आणि अर्धवटही नको. त्यात चार गोष्टी असाव्यात:

१. काय झाले.
२. अंदाजे किती वेळ.
३. आता कोणी काय करायचे.
४. पुढचा निरोप कधी मिळेल.

नमुना असा: "बॉयलरची ट्यूब लीक आहे. उद्या दुपारपर्यंत गाळप बंद. नवीन फड तोडू नये. तोडलेला ऊस भरून झाकून ठेवावा, भरलेल्या गाड्या जागीच थांबवाव्यात. पुढचा निरोप आज दुपारी चारला."

चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची. पुढचा निरोप कधी येणार हे माहीत असले, की माणूस टपरीवर विचारत बसत नाही. चारला नवीन काही सांगण्यासारखे नसले, तरी चारला "अजून काम चालू आहे, पुन्हा आठला कळवतो" एवढे कळवलेच पाहिजे. वेळ पाळली नाही, तर पुढच्या निरोपावर कोणी विश्वास ठेवत नाही.

दुसरा नियम वेळेचा. टोळी कोपीतून निघायच्या आत निरोप मुकादमाच्या कानी पडला तर उपयोग. टोळी फडात उतरल्यावर पोहोचलेला निरोप म्हणजे पेरणीनंतर आलेले बियाणे. म्हणून रात्री गाळप थांबले, तर पाळीप्रमुखाने शेतकी खात्याच्या माणसाला झोपेतून उठवायचे आणि किती वेळ लागेल ते विचारण्याआधीच सांगायचे, असे ठरले आहे. उठवल्याबद्दल कोणी रागवायचे नाही. हा नियम आम्ही सर्वांत आधी स्वतःला लावून घेतला.

बांधावरच्या माणसाला आधी सांगा

सभासदाला कारखाना म्हणजे कोण दिसतो? चेअरमन आणि कार्यकारी संचालक वर्षाकाठी एकदोनदा दिसतात. चिटबॉय आणि ओव्हरसिअर रोज दिसतात. उसाच्या बिलाचा हप्ता, वाहतुकीची कपात, बेण्याचा भाव, नोंदीची मुदत, नवीन जातीचे रोप कधी मिळणार, हे सगळे प्रश्न त्याच माणसाला बांधावर विचारले जातात. त्याने "मला काय म्हाईत न्हाई, ऑफिसात विचारा" असे म्हटले, की सभासदाचा कारखान्यावरचा विश्वास एक बोट खाली येतो, आणि त्या नोकराचा स्वतःवरचाही.

म्हणून आम्ही दर सोमवारी गट ऑफिसवर अर्ध्या तासाची बैठक घेतो. संचालक मंडळाचा जो निर्णय सभासदांना लागू आहे तो, आणि तो का घेतला हे, दोन्ही गोष्टी तिथे सांगतो. "का" सांगणे जरुरीचे आहे. उदाहरणार्थ, अमुक फड आधी आणि अमुक फड नंतर का, हे चिटबॉयला सांगता आले पाहिजे. लागणीची तारीख, जात आणि ब्रिक्स यांवरून तोडणीचा क्रम लागतो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांची पक्वता एका वेळी येत नाही. हँड रिफ्रॅक्टोमीटरने उसाच्या खालच्या आणि वरच्या कांड्याचा ब्रिक्स घेतला आणि दोन्ही आकडे जवळजवळ आले, की ऊस पक्व झाला. हे ज्याला समजले आहे, तो चिटबॉय सभासदाच्या हातात यंत्र देऊन म्हणतो, "तात्या, तुम्हीच बघा." तिथे वशिल्याचा संशय आपोआप कमी होतो.

तसेच बिलाचे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याची तरतूद आहे आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. सभासदाला हे माहीत असते. कर्मचाऱ्यालाही माहीत पाहिजे. अडचणीचा नियम नोकरापासून झाकून ठेवला, तर तो नोकर बांधावर खोटा पडतो.

एक सूट मात्र सर्वांना दिली आहे. "माहीत नाही" म्हणायला बंदी नाही. पण त्याला जोडून "विचारून संध्याकाळपर्यंत सांगतो" असे म्हणायचे आणि सांगायचे.

वरून खाली तसे खालून वर

निरोपाचा पाट एकाच बाजूने वाहून भागत नाही. आमच्या एका चिटबॉयने ओढ्यावरची मोरी खचल्याचे दोनदा सांगितले होते. एकदा जेवणाच्या सुट्टीत, एकदा जिन्यात. ऐकणाऱ्याने मान हलवली, लिहून कोणी घेतले नाही. पुढे त्याच मोरीवर भरलेली ट्रॉली कलंडली. माणूस वाचला, पण ऊस ओढ्यात गेला आणि दिवसभर रस्ता अडला. तेव्हा तो एवढेच म्हणाला, "सायेब, म्या सांगितलं व्हतं." त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आता गट ऑफिसवर एक वही आहे. तिच्यात चार रकाने: कोणी सांगितले, काय सांगितले, कोणाकडे दिले, काय उत्तर मिळाले. चौथा रकाना आठ दिवसांच्या वर कोरा ठेवायचा नाही. "सध्या होणार नाही, कारण अमुक" हेसुद्धा उत्तर आहे. माणसाला नकाराचे तितके वाईट वाटत नाही, जितके ऐकून न ऐकल्यासारखे केल्याचे वाटते. सांगणाऱ्याला उत्तर मिळाले नाही, की तो तिसऱ्या वेळी सांगतच नाही. मग साहेबाला वाटते, सगळे ठीक चालले आहे.

ही कल्पना नवी नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यासाठी मालक आणि कामगार यांच्या संयुक्त वर्क्स कमिटीची तरतूद होती. रोजच्या कुरबुरी तंट्यापर्यंत जाण्याआधी समोरासमोर बसून मिटाव्यात, हाच हेतू. आपल्या सहकारात तर मालक आणि कामगार पुष्कळदा एकाच घरात असतात. थोरला भाऊ सभासद आणि धाकटा पॅन हाऊसला, अशी घरे आपल्या कार्यक्षेत्रात गावोगाव आहेत. १९५० साली लोणीच्या माळावर महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून, शेतकऱ्यांशी बोलून भागभांडवल जमवल्यामुळे आणि धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थतज्ज्ञाने साथ दिल्यामुळे. सहकाराचा पाया बोलण्यावर आणि ऐकण्यावर घातलेला आहे.

मोबाइलचा ग्रुप म्हणजे निरोप नव्हे

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, मग एवढी वही कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. ग्रुपचा उपयोग आहेच, नाही असे नाही. पण पहाटे चारला ग्रुपवर टाकलेला निरोप आठ वाजता वाचला जातो, आणि मध्ये सुप्रभाताची पन्नास फुले आलेली असतात. काही वाड्यांवर रेंज नाही. कित्येक मुकादमांचा फोन रात्री चार्जिंगअभावी बंद असतो. म्हणून तातडीचा निरोप आधी बोलून, पोच घेऊन आणि मग ग्रुपवर, हा क्रम ठेवला आहे. कारखान्याच्या निरोपाचा ग्रुप वेगळा ठेवला असून त्यात फक्त कामाचेच लिहायचे.

यामुळे सगळे सुधारले, असा आमचा दावा नाही. मागच्या हंगामात मिल रात्री एकला थांबली, तेव्हा अडीचपर्यंत बहुतेक गटांची पोच आली. पण एका वाडीवरच्या दोन टोळ्यांना निरोप उशिरा गेला आणि तिथे ऊस पडलाच. त्या वाडीसाठी आता जवळच्या वस्तीवरच्या एका सभासदांनी रात्री निरोप पोहोचवण्याचे आपणहून पत्करले आहे.

सभासदांनी काय करावे?

१. आपला चालू मोबाइल क्रमांक आणि घरातला दुसरा एक क्रमांक गट ऑफिसवर नोंदवावा.

२. ऊस नोंदीतली तारीख, जात, क्षेत्र यांत चूक असेल तर हंगामाआधीच लेखी कळवावे. चुकीच्या नोंदीवरचा बरोबर निरोपही चुकीच्या फडावर जातो.

३. टपरीवरची बातमी पुढे सांगण्याआधी गट ऑफिसच्या फळ्यावर पाहावी किंवा फोन करून विचारावे.

४. चिटबॉयला चारचौघांत बोलण्याआधी "तुला निरोप कधी मिळाला?" एवढे विचारावे. त्याच्या उत्तरावरून चूक कुठे आहे ते कळेल. मग आम्हाला खुशाल बोलावे.

५. आपल्या रानातला टोळीचा मुकादम कोण, त्याची कोपी कुठे, हे माहीत ठेवावे. अडीअडचणीला आपणही निरोप्या होऊ शकता.

शेवटी एक छोटा प्रयोग. पुढच्या गटसभेला दहा जणांनी ओळीने बसावे. पहिल्याच्या कानात वर दिलेला चार ओळींचा निरोप सांगावा आणि दहाव्याकडून मोठ्याने म्हणवून घ्यावा. एकदा पोच न घेता, एकदा पोच घेऊन. दोन्हींतला फरक सर्वांना ऐकू येईल. हा प्रयोग आम्ही आमच्या खात्यात केला तेव्हा "ऊस झाकून ठेवावा" याचे "ऊस राखून ठेवावा" झाले होते, आणि ते करणारे खुद्द आम्हीच होतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी